निवृत्तीची पुंजी आणि करातली वजावट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता आयकराचं कलम ऐंशी?" त्यांना जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देतो. मी चार्टर्ड अकाउंटंट नाही. पण 'माझं काय देणं लागतं, माझं काय येणं आहे, आणि उद्याच्या माणसासाठी आज किती बाजूला ठेवायचं' हे प्रश्न मुळात आमच्याच विषयातले आहेत. कायद्यानं फक्त त्यांना क्रमांक दिले.

हे दिवसही नेमके त्याचेच आहेत. संक्रांत झाली की नोकरदारांच्या कचेरीतून पत्रं येतात, 'गुंतवणुकीचे पुरावे सादर करा'. बँकेतून, ओळखीच्या एजंटाकडून फोन येतात, 'मार्चच्या आत पेन्शनमध्ये पन्नास हजार टाका, टॅक्स वाचेल'. हे वाक्य कुणाच्या बाबतीत खरं, कुणाच्या बाबतीत खोटं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात माझ्या एका विद्यार्थ्यापासून करतो. नाव सांगत नाही, त्याची परवानगी तेवढीच आहे. एम.ए. झाला, नेट झाला, आणि गेली बरीच वर्षं दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. संध्याकाळी क्लास घेतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात सगळं मिळून त्याचं उत्पन्न सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास झालं. मार्चमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं, राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, ५० हजार भर, कर वाचेल. त्यानं भरले. जुलैमध्ये कागद घेऊन माझ्याकडे आला. "सर, हे पन्नास हजार विवरणपत्रात कुठे लिहायचे?"

मी त्याला उलट विचारलं, "अरे, तुला कर किती लागत होता?"

त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होता. म्हणजे त्याचा कर आधीच शून्य होता. शून्यातून वाचवणार काय? आणि नव्या प्रणालीत त्या पन्नास हजारांच्या वजावटीला जागाच नाही.

पुढच्याच महिन्यात त्याच्या आईचं ऑपरेशन निघालं. पैसे एनपीएसमध्ये अडकलेले. त्यातून मध्येच काढायचे तर तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, कारण ठरावीक असावं लागतं, आणि तेव्हाही स्वतः भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच काढता येतात. त्यानं मित्राकडून उसने घेतले. इथे कायदा कुणीही मोडलेला नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की 'वजावट' म्हणजे सरकारनं दिलेले पैसे नव्हेत. पेन्शनसाठी तुम्ही जी रक्कम भरली, ती तुमच्या उत्पन्नातून वजा धरायची आणि उरलेल्या उत्पन्नावर कर मोजायचा, एवढाच तिचा अर्थ. पन्नास हजारांची वजावट म्हणजे पन्नास हजारांचा फायदा नाही. जुन्या प्रणालीत तुमच्या उत्पन्नाचा वरचा थर ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर चार टक्के उपकर धरून १५,६०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात १०,४०० वाचतात. कर नसेल तर काहीच वाचत नाही.

आता कायद्यात याला तीन दारं आहेत. आज मी सगळे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले सांगतो, कारण ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाला तोच लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अंमलात येतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांकापेक्षा त्यामागचा विचार लक्षात ठेवा.

पहिलं दार, कलम ८० सीसीडी (१). एनपीएसच्या पहिल्या खात्यात, ज्याला टियर वन म्हणतात, किंवा अटल पेन्शन योजनेत तुम्ही स्वतः भरलेली रक्कम. नोकरदाराला मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि नोकरी नसलेल्याला, म्हणजे डॉक्टर, वकील, दुकानदार, क्लासवाले यांना, ढोबळ एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत. पण हे सगळं ८० सी मधल्या भविष्य निर्वाह निधी, विमा, पीपीएफ यांच्यासह दीड लाखांच्या एकाच छपराखाली येतं. बहुतेक नोकरदारांचं ते छप्पर पीएफ आणि विम्यानंच भरलेलं असतं.

दुसरं दार, ८० सीसीडी (१बी). हे २०१५-१६ पासून आलं. दीड लाखांच्या बाहेर, आणखी ५० हजार. एजंट ज्या पन्नास हजारांबद्दल बोलतो ते हेच. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विमा कंपनीची पेन्शन पॉलिसी या दारातून जात नाही. तिची जागा कलम ८० सीसीसी, म्हणजे पुन्हा दीड लाखांच्या आतच. दोन, ज्या शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या पगारातून एनपीएसची स्वतःची रक्कम दरमहा कापली जाते, त्यांना वेगळे पन्नास हजार भरावे लागतातच असं नाही. समजा वर्षभरात ऐंशी हजार कापले गेले आणि दीड लाखांचं छप्पर इतर गोष्टींनी भरलेलं आहे. तर त्या ऐंशीतले पन्नास हजार या दुसऱ्या दारातून दाखवता येतात. मात्र तोच रुपया दोन्हीकडे दाखवायचा नाही.

तिसरं दार, ८० सीसीडी (२). मालक तुमच्या एनपीएस खात्यात जी रक्कम भरतो ती. आधी ती तुमच्या पगारात धरली जाते आणि मग वजा होते. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. खासगी नोकरीत जुन्या प्रणालीत १० टक्के, आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून १४ टक्के. पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून मालकाचा भरणा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला तर वरचा भाग करपात्र होतो, पण ती अडचण फार थोड्यांची.

आता कळीचा मुद्दा. पहिली दोन दारं फक्त जुन्या करप्रणालीत उघडतात. तिसरं दोन्हींत उघडं आहे. आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्ही नव्या प्रणालीत. मौन हीसुद्धा निवड असते असं आम्ही वर्गात शिकवायचो. आयकर खात्यानं ते अक्षरशः घेतलं आहे.

मग जुनी घ्यावी का? फळ्यावर एक हिशेब मांडू. पगार वर्षाला पंधरा लाख, आर्थिक वर्ष २०२५-२६.

जुनी प्रणाली घेऊ. पंधरा लाखांतून ५० हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाख ८० सी चे, पन्नास हजार पेन्शनचे. उरले साडेबारा लाख. कर १,८७,५००, उपकर धरून १,९५,०००. पेन्शनचे पन्नास हजार भरले नसते तर कर २,१०,६०० झाला असता. म्हणजे एजंट खरं बोलला, १५,६०० वाचले.

आता नवी प्रणाली. ७५ हजारांची प्रमाणित वजावट, बाकी काही नाही. करपात्र उत्पन्न १४,२५,०००. कर ९३,७५०, उपकर धरून ९७,५००.

पाहिलंत? पंधरा हजार वाचवण्याच्या नादात माणूस साडेसत्त्याण्णव हजार जास्त भरून बसला. या पगाराला जुनी प्रणाली बरोबरीला यायची तर प्रमाणित वजावट सोडून सुमारे पाच लाख चव्वेचाळीस हजारांच्या वजावटी लागतात. ८० सी आणि पेन्शन मिळून दोन लाख होतात. उरलेले साडेतीन लाखांच्या जवळपास घरभाडे भत्ता, गृहकर्जाचं व्याज, आरोग्य विमा यांतून यायला हवेत. मुंबई-पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या काहींचे येतात. गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे बहुधा येत नाहीत. आणि ज्याचं उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे, त्याला या वर्षी नव्या प्रणालीत नेहमीच्या उत्पन्नावर करच नाही. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्याची गोष्ट वेगळी, तिथे विशेष दर लागतात.

याच माणसाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून आठ लाख असेल, आणि मालकानं पगाराच्या रचनेतच १४ टक्के, म्हणजे १,१२,००० रुपये एनपीएसमध्ये टाकले, तर नव्या प्रणालीतही १७,४७२ रुपये वाचतात. म्हणून नोकरदारांनी एजंटाला फोन करण्याआधी आपल्या पगारविभागाला विचारावं, 'आपल्याकडे मालकाच्या भरण्याची सोय आहे का?' ही रक्कम आपण स्वतः भरून या दारातून दाखवता येत नाही. ती मालकाकडूनच जावी लागते.

आता, ज्याला जुनी प्रणाली खरोखर फायद्याची आहे, त्यानं वजावट मागायची कशी?

पैसे ३१ मार्चच्या आत खात्यात जमा व्हायला हवेत, आणि ते टियर वनमध्ये. टियर टू हे बचत खात्यासारखं असतं, सर्वसामान्य माणसाला त्यावर वजावट नाही. शेवटच्या संध्याकाळी भरू नका, ऑनलाइन पैसे गेले तरी खात्यात नोंद व्हायला वेळ लागतो. मग खात्याचं वर्षाचं विवरण उतरवून घ्या. बारा आकडी प्रान क्रमांक, भरल्याची तारीख, रक्कम, हाच तुमचा पुरावा.

नोकरदारानं वर्षाच्या सुरुवातीलाच कचेरीला कळवावं की मला जुनी प्रणाली हवी, आणि फॉर्म १२ बीबी भरून पुरावा द्यावा. राहिलं असेल तर घाबरू नका. कचेरीनं कर जास्त कापला तरी विवरणपत्र भरताना वजावट मागता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. फॉर्म १६ हाती आला की त्यात तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवले आहेत का ते बघा. स्वतःचा भरणा मालकाच्या रकान्यात आणि मालकाचा स्वतःच्या रकान्यात, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

विवरणपत्रात मात्र एक अट काटेकोर आहे. जुनी प्रणाली निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं. साधारण पगारदाराला ती ३१ जुलै. कधी सरकार वाढवतं, २०२५ मध्ये १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, पण वाढेल म्हणून बसून राहू नये. मुदत गेली की नवी प्रणाली लागू, आणि पेन्शनची वजावट गेली, मग पावती कितीही खरी असो. ज्यांना व्यवसायाचं उत्पन्न आहे त्यांना मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए स्वतंत्रपणे भरावा लागतो. त्यांना दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा जुनीतून नवीत परतलात की, व्यवसायाचं उत्पन्न आहे तोवर, पुन्हा जुनी नाही. शेवटी, विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करा. पडताळणी न केलेलं विवरणपत्र म्हणजे सही न केलेला चेक.

सहीवरून आठवलं. वजावट 'मिळते' असं आपण बोलतो, पण कायद्याच्या भाषेत ती 'मागायची' असते, आणि मागताना आपण आपल्या नावानं जाहीर करतो की हे सगळं खरं आहे. काही ठिकाणी एक गृहस्थ येतात, सगळ्या स्टाफची विवरणपत्रं भरतात, परतावा काढून देतात आणि त्यातला हिस्सा घेतात. वजावट काय लावली हे विचारायचं नाही, असा अलिखित करार. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागानं अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम घेतली. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो. भरणारा तो असला तरी सांगणारे तुम्ही असता. परतावा आला म्हणून हिशेब बरोबर होता, असं अनुमान काढू नका. तर्कशास्त्रात याला जागा नाही.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो.

पेन्शनवरची सवलत ही पुष्कळदा माफी नसून पुढे ढकललेला कर असते. आज रक्कम वजा होते. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या पुंजीच्या ६० टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त आहे, ही खरी सूट. पण ज्या भागातून ॲन्युइटी घेता, तिचं दरमहा येणारं पेन्शन त्या त्या वर्षी करपात्र असतं. म्हणजे आज वाचवलेल्या कराचा काही भाग उद्याचा म्हातारा भरणार. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला एक दाखला देतो. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, यानं लावलेले आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तो सुटेल का? राजा म्हणतो, नाही. कारण नंतरचे आंबे त्या पहिल्या आंब्यांतूनच आले. पेन्शनचं असंच आहे. लावणारे तुम्ही आणि खाणारा कुणी पंचवीस वर्षांनंतरचा अनोळखी वाटणारा माणूस, पण तो तुमच्यातूनच येणार आहे. त्याच्यासाठी लावावं, हे मला पटतं. फक्त आज पोटाला हवेत ते आंबे जमिनीत पुरू नयेत.

दुसरी गोष्ट न्यायाची. मी अनुदानित महाविद्यालयात नोकरीला लागलो तेव्हा पेन्शन हा प्रश्नच नव्हता. ती आपोआप मिळाली. आज जी रक्कम दरमहा माझ्या खात्यात येते, तिच्यासाठी मी पगारातून एक रुपयाही वेगळा ठेवलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना ते भाग्य नव्हतं. त्यांच्या पगारातून रक्कम कापायला सुरुवात झाली. आणि माझा हा विद्यार्थी तर त्याही रांगेत नाही. तासिका तत्त्वावर मालक आहे, पण पेन्शन भरणारा मालक नाही.

आता तीन दारांकडे पुन्हा पाहा. नव्या प्रणालीत उघडं राहिलेलं एकच दार मालकाच्या हातात आहे. मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याला, सरकारी नोकराला १४ टक्के. स्वतःच्या जिवावर कमावणाऱ्या व्यावसायिकाला, छोट्या कारखान्यातल्या कामगाराला स्वतः भरलेल्या पेन्शनवर काही नाही. तुम्ही म्हणाल, बारा लाखांपर्यंत करच नाही, मग बिघडलं कुठे? कराचं बिघडलं नाही, हे खरं. पण आपण म्हातारपणाच्या बचतीला उत्तेजन देतो असं सरकार म्हणतं, तेव्हा ते उत्तेजन ज्याच्या मागे आधीच मालक उभा आहे त्यालाच मिळतं. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला सांगितलं जातं, तू तुझं बघ. समानांना समान वागवावं, हे ॲरिस्टॉटलचं सूत्र. इथे पंधरा लाख कमावणारे दोन जण सारखीच रक्कम सारख्याच खात्यात टाकतात, आणि पैसे कुणाच्या हातून गेले एवढ्यावरून एकाला वजावट, दुसऱ्याला नाही. हा फरक कशाच्या आधारावर, याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा.

तोवर आपल्या हातात काय आहे? क्रम नीट लावणं. पहिला प्रश्न, मला म्हातारपणासाठी पैसे ठेवायचे आहेत का, आणि अडीअडचणीचे पैसे बाजूला काढून झाले आहेत का? दुसरा, मला कर किती लागतो, दोन्ही प्रणालींत मांडून? तिसरा, यांतलं कोणतं दार माझ्यासाठी उघडं आहे? आणि मग चौथा, विवरणपत्रात कुठे लिहू? माझा विद्यार्थी चौथ्या प्रश्नापासून निघाला होता. आपल्यापैकी बरेच जण तिथूनच निघतात, कारण मार्चमध्ये आपल्याला तेवढंच विचारलं जातं.

परवा तो पुन्हा आला होता. आई बरी आहे, उसने फिटले. मी विचारलं, "त्या खात्याचं काय केलंस?"

म्हणाला, "चालू ठेवलंय सर. वर्षाला हजार तरी भरावे लागतात, मी महिन्याला हजार टाकतो. करात काही मिळत नाही, माहीत आहे. पण साठीनंतर मला तास कोण देणार?"

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी त्याला चहा दिला.

आता प्रश्न विचारा. फक्त एक विनंती, आपापल्या पगाराचे आकडे सगळ्यांसमोर सांगू नका. ते नंतर, बाहेर, एकेकट्यानं.